'अजून पुढे घे' म्हणण्याआधी दस्ता मोजा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शॉटगनच्या, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या, रेंजवर डावखुरा नेमबाज उभा राहिला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. हवेत सोडलेली, उजवीकडून डावीकडे जाणारी तबकडी चुकली की मागून कोणीतरी म्हणते, "मागे राहिलास, अजून पुढे घे." अशा चारपाच फेऱ्या झाल्या की दुसरे येते, "जाऊ दे, उजव्या खांद्यावरूनच शिक." दोन्ही सल्ले मनापासून दिलेले असतात आणि बहुतेक वेळा दोन्ही चुकीचे असतात. त्या नेमबाजाच्या हातातली बंदूक उजव्या हातासाठी घडवलेली आहे, हे कोणी पाहतच नाही. साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो, पण क्लबच्या कपाटातल्या दहाही बंदुका उजव्या असतात. म्हणून नेमबाजाला बदलण्याआधी बंदूक कशी आणि किती तपासायची, हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी मुळाचे. शॉटगनला रायफलसारखी मागची साइट नसते. नळीच्या टोकाला माशी असते आणि मागच्या साइटचे काम डोळाच करतो. म्हणजे डोळा रिबच्या, नळीवरच्या सपाट पट्टीच्या, मध्यरेषेपासून बाजूला सरकला, तर मागची साइटच सरकली. मागची साइट ज्या बाजूला सरकते त्याच बाजूला मारा जातो, हा नियम इथेही जसाच्या तसा लागू आहे.

डोळा रिबच्या बरोबर वर यावा म्हणून दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा बंदुकीचा मागचा भाग, सरळ न ठेवता किंचित बाहेर झुकवतात. उजव्या हाताच्या बंदुकीत तो उजवीकडे झुकलेला असतो. याला कास्ट-ऑफ म्हणतात. उजवा नेमबाज गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला टेकवतो, दस्ता चेहऱ्यापासून दूर वळलेला असतो, म्हणून मान न वाकवता डोळा रेषेत येतो. कारखान्यातून येणाऱ्या वर-खाली नळ्यांच्या अनेक बंदुकांत हा झुकाव टाचेपाशी, म्हणजे दस्त्याच्या मागच्या कडेच्या वरच्या टोकाशी, साधारण 3 मिमी आणि खालच्या टोकाशी त्याच्या दुपटीच्या आसपास असतो. डावखुऱ्याला नेमके उलटे हवे असते, दस्ता डावीकडे झुकलेला, म्हणजे कास्ट-ऑन. उजवी बंदूक त्याने डाव्या खांद्याला लावली की दस्ता चेहऱ्यापासून दूर जाण्याऐवजी चेहऱ्यात शिरतो आणि डावा डोळा रिबच्या उजवीकडे ढकलला जातो.

किती उजवीकडे, ते मोजूनच पाहा. समजा गाल टेकतो त्या जागी दस्ता 3 मिमी उजवीकडे आहे आणि त्याच ठेवणीच्या चेहऱ्याच्या उजव्या नेमबाजाला तो अगदी बरोबर बसतो. डावखुऱ्याला 3 मिमी डावीकडे हवा होता. फरक 3 चा नाही, 6 चा झाला. डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर साधारण 90 सेंमी धरले, तर 36 मीटरवर तो फरक चाळीसपट होतो. सहा मिलिमीटरचे 24 सेंटिमीटर. तबकडीचा व्यास 11 सेंमी. छर्ऱ्यांचा फैलाव मोजण्याची रूढ चौकट म्हणजे त्याच अंतरावरचे 76 सेंमी व्यासाचे वर्तुळ, त्याची त्रिज्या 38. मध्य 24 सेंमी सरकला की तबकडी दाट छर्ऱ्यांतून निघून विरळ कडेला येते. म्हणून डावखुऱ्याची तबकडी कधी फुटते, कधी नुसता टवका उडतो, कधी साबूत जाते आणि सगळे म्हणतात, याच्यात सातत्य नाही. सातत्य आहे हो, पण ते 24 सेंमी उजवीकडे आहे!

आता ते "पुढे घे" तपासू. मारा कायम उजवीकडे जातो. तबकडी उजवीकडून डावीकडे चालली असेल, तर उजवीकडे म्हणजे तिच्या मागे. प्रशिक्षकाला मारा मागे राहिलेला दिसतो, यात त्याची नजर चुकत नाही. नेमबाज लीड, म्हणजे तबकडीच्या जितके पुढे मारायचे ते अंतर, वाढवतो आणि त्या बाजूच्या तबकड्या फुटू लागतात. मग डावीकडून उजवीकडे जाणारी येते. तिला मुळातच पुढचा मारा मिळत होता, त्यात वाढवलेली लीड, म्हणजे आता हिच्या फार पुढून छर्रे जातात. "आता फार पुढे गेलास." दोन दिशांना दोन वेगळ्या लीड डोक्यात ठेवून कोणी धड नेमबाजी शिकत नाही.

याच बाजूला आणखी एक अडचण येऊन मिळते. डावखुरा बंदूक डावीकडे फिरवतो तेव्हा दस्ता गालापासून दूर जाऊ पाहतो. नुसते हात फिरले आणि कंबर थांबली की गाल सुटतो, डोके वर येते आणि मारा वर व उजवीकडे, म्हणजे पुन्हा मागे. उजव्या नेमबाजाला हाच त्रास डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या तबकडीला होतो, त्यामुळे त्याचे शिक्षण त्या बाजूवर जास्त मेहनत घेऊन झालेले असते आणि तो डावखुऱ्यालाही तेच शिकवतो. स्कीट या प्रकारात तबकड्या दोन घरांतून सुटतात. मैदानात उंच घर डावीकडे असते, तिथली तबकडी डावीकडून उजवीकडे जाते. खालचे घर उजवीकडे असते, तिथली उजवीकडून डावीकडे. 3, 4 आणि 5 क्रमांकाच्या जागांवर हे आडवे जाणे सर्वांत स्पष्ट असते. डावखुऱ्याने सरावाचा जास्त वेळ याच तीन जागांवर खालच्या घराच्या तबकडीला द्यावा. पायांची ठेवणही आरशातल्यासारखी उलटी हवी. उजवा पाय पुढे, छाती लक्ष्यापेक्षा डावीकडे वळलेली, पाय तबकडी जिथे फोडायची त्या जागेच्या हिशेबाने रोवलेले आणि मग कमरेतून मागे वळून तबकडीच्या वाटेवर थांबलेली नळी. सवयीने "डावा पाय पुढे" म्हणणाऱ्या प्रशिक्षकाचे ऐकून डावखुरा उभा राहिला, तर त्याची कंबर अर्ध्या वाटेतच अडते.

दोष कुठे आहे हे ओळखायला ऑलिम्पिक ट्रॅपची, म्हणजे तबकड्या समोरून दूर जातात त्या प्रकाराची, गुणपत्रिका फार उपयोगाची आहे. तिथे 25 तबकड्यांच्या फेरीत प्रत्येक नेमबाजाला 10 डावीकडे, 10 उजवीकडे आणि 5 मधल्या मिळतात. नुसते फुटली किंवा चुकली लिहू नका, बाजूला दिशेची खूण करा. चार फेऱ्या झाल्या की डावीकडच्या 40 आणि उजवीकडच्या 40 असे दोन ढीग समोर येतात. चुका दोन्हीकडे सारख्या असतील, तर दस्ता सोडून दुसरे काही पाहा. डावीकडच्या ढिगात दुप्पट असतील, तर पुढचे सगळे वाचण्यासारखे आहे.

पण दस्त्याला हात लावण्याआधी डोळा तपासायचा, कारण तिसरा दोषही नेमका त्याच बाजूला मारा नेतो. डावखुऱ्या माणसाचा मुख्य डोळा, म्हणजे दोन्ही उघडे असताना नेम ज्याने धरला जातो तो, डावाच असेल असे नाही. दोन्ही हात ताठ समोर धरा, तळव्यांच्या बेचक्यातून छोटा त्रिकोण करा, पाचसहा मीटरवरची एक लहान वस्तू दोन्ही डोळ्यांनी त्यातून पाहा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने ती वस्तू त्रिकोणातच राहते तो मुख्य. एकदा करून थांबू नका, वेगवेगळ्या वस्तूंवर आठदहा वेळा करा. काहींचा डोळा थकल्यावर पलटतो, काहींचा कधी इकडे कधी तिकडे असतो. सरावाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा तपासणे चांगले.

बंदूक डाव्या खांद्यावर आणि मुख्य डोळा उजवा असेल, तर मागची साइट दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढी, म्हणजे साधारण 63 मिमी, उजवीकडे गेली. चाळीसपट करा, अडीच मीटर होतात. इथे तबकडीच्या कडेचा टवकाही उडत नाही. दस्त्याच्या चुकीत आणि डोळ्याच्या चुकीत फरक करण्याची ही सोपी खूण आहे. टवके उडत असतील तर दस्ता, छर्रे कुठे गेले तेच कळत नसेल तर डोळा. अर्थात दोन्ही एकत्रही असू शकतात आणि तेव्हा आधी डोळ्याचा बंदोबस्त करायचा.

मुख्य डोळा उजवा असलेल्या अगदी नवशिक्या डावखुऱ्याला उजव्या खांद्यावरून शिकवावे, हे आम्हालाही मान्य आहे. त्याच्या हातांना अजून कुठलीच सवय नसते, नळीला दिशा देणारा पुढचा हात त्याचा डावा, म्हणजे कसबी हात असतो आणि बंदूकही उजवीच मिळते. पण मुख्य डोळा डावा असेल, तर त्याला उजव्या खांद्यावर नेणे म्हणजे जो दोष नव्हता तो अडीच मीटरचा करून देणे. अनेक वर्षे डाव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा मुख्य डोळा उजवा निघाला, तर खांदा न बदलता चष्म्यावर ठिपका लावावा. धूसर, अर्धपारदर्शक टेप एक ते दीड सेंमी आकारात कापा. बंदूक उघडून ती रिकामी आहे हे दोनदा पाहा, ती खांद्याला लावा, उजव्या डोळ्याला नळीचे टोक भिंगात जिथे दिसते ती जागा बाजूला उभ्या असलेल्या सोबत्याला सांगा आणि तिथे टेप लावून घ्या. सोबती समोर नको, बाजूलाच. ठिपका नेमका बसला की उजव्या डोळ्याला बाकी सगळे दिसते, फक्त माशी दिसत नाही. फार मोठा ठिपका लावला की आजूबाजूचे दिसेनासे होते आणि तबकडी उशिरा सापडते. उजवा डोळा सरळ मिटून टाकणे हा शेवटचा उपाय, त्याने अंतर आणि वेगाचा अंदाज बिघडतो. उजव्या खांद्यावर बंदूक आणि रेषेत डावा डोळा यावा म्हणून विळ्यासारखे वाकवलेले दस्तेही बनतात, पण ते पाहून चकित व्हावे, मागवू नयेत.

डोळा डावा, खांदा डावा, हे पक्के झाले की दस्ता मोजायचा. बंदूक रिकामी करून कापड लावलेल्या शिकंज्यात हलकेच धरा. रिबवर आडवी पाणसळ ठेवून ती तिरकी नाही ना ते पाहा. ती जरा जरी कलली असेल तर सगळे माप खोटे येते आणि घाईत हीच पायरी गाळली जाते. माशीपाशी रिबच्या मध्यावर बारीक दोरा चिकटवा आणि रिबच्या मध्यरेषेवरून ताणत टाचेच्या मागेपर्यंत न्या. टाच त्या दोऱ्याच्या चारसहा सेंमी खाली असते, म्हणून दोऱ्यावरून ओळंबा सोडा. मागून पाहताना टाचेचा मध्य ओळंब्याच्या उजवीकडे असेल तर कास्ट-ऑफ, डावीकडे असेल तर कास्ट-ऑन. मिलिमीटरची पट्टी लावून टाच, गाल टेकण्याची जागा आणि खालचे टोक अशी तिन्ही मापे लिहून ठेवा. बऱ्याच अमेरिकी पंप बंदुकांना (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या) कास्ट जवळजवळ नसतोच, त्यामुळे डावखुऱ्याला पहिली बंदूक म्हणून त्या उजव्या युरोपीय दुनळीपेक्षा बऱ्या पडतात.

आरसा एका मिनिटात पुष्कळ सांगतो. खोलीत एकही काडतूस नको, बंदूक उघडून रिकामी पाहिलेली. आरशासमोर डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग डोळे उघडा. डोळ्याची बाहुली रिबच्या बरोबर वर दिसली पाहिजे. ती उजवीकडे सरकलेली दिसली की कास्ट नडतो आहे. डोळे मिटायचे अशासाठी की उघडे असले तर मान आपोआप वाकून चूक लपवते. सरावातही मान हेच करते, पहिल्या दहा तबकड्यांना जमते, नंतर थकते.

खरा निवाडा मात्र पॅटर्नच्या, म्हणजे छर्रे कुठे पडले ते दाखवणाऱ्या, फलकावरच होतो. मोठा कागद, मध्ये ठळक ठिपका, अंतर 16 यार्ड, म्हणजे साधारण 14.6 मीटर, चोक (नळीच्या तोंडाशी छर्ऱ्यांचा फैलाव आवळणारा भाग) घट्ट. बंदूक खाली धरून सुरुवात करा, ठिपक्याकडे पाहा, खांद्याला लावताच चाप ओढा. नेम धरत बसायचे नाही, रायफलसारखे निरखून मारले तर फलक काहीच सांगत नाही. एकाच कागदावर सहा ते आठ बार काढा आणि एकत्रित पुंजक्याचा मध्य शोधा. या अंतरावर हिशेब सोपा आहे. मध्य दर 25 मिमी सरकला असेल, तर दस्त्यात गालापाशी 1.6 मिमी बदल हवा. मध्य 75 मिमी उजवीकडे असेल, तर गालाची जागा जवळजवळ 5 मिमी डावीकडे न्यायची. फलक आणि दोऱ्याचे माप यांत फार तफावत आली, तर गडबड खांद्याला लावण्यात आहे, लाकडात नाही.

आता दुरुस्ती. सेमी-ऑटो, म्हणजे बार काढला की पुढचे काडतूस आपोआप भरणारी, बंदूक असेल तर काम घरीच होते. बहुतेक आधुनिक ऑटो बंदुकांसोबत दस्ता आणि रिसीव्हर (बंदुकीचा मधला धातूचा भाग) यांच्यामध्ये बसवायच्या पातळ चकत्या, शिम, येतात. मागचा रबरी पॅड दोन स्क्रू काढून सोडवा, आतली नळकांडीतली नट लांब सॉकेटने सैल करा, दस्ता मागे ओढा, शिम बदला किंवा पलटा. इटालियन बनावटीच्या अनेक बंदुकांत शिमवर डीएक्स आणि एसएक्स अशी अक्षरे असतात, देस्त्रा म्हणजे उजवे, सिनिस्त्रा म्हणजे डावे. डावखुऱ्याला एसएक्स. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पुढची शिम बदलली आणि दस्त्याच्या आतली पकडपट्टी तशीच ठेवली. दोन्ही जोडीने बदलायच्या असतात. नाही बदलल्या तर दस्ता एका कडेवर दाबून बसतो, नट घट्ट वाटते, पण शंभरेक बारांनंतर ढिली होते आणि पुढे दस्त्याच्या मानेपाशी, म्हणजे हाताने पकडतो त्या बारीक भागापाशी, लाकडाला चीर जाते.

कोम, म्हणजे गाल टेकतो ती दस्त्याची वरची कड, सरकवता येत असेल तर आणखी बरे. ती दोन खांबांवर उभी असते, ॲलन किल्लीने सैल करून आडवी सरकवता येते. डावखुऱ्याने ती डावीकडे न्यायची, म्हणजे स्वतःच्या गालापासून दूर. एका वेळी 1 मिमी, दोन्ही खांब सारखे, मग पुन्हा फलक. कोम तिरकी बसली, म्हणजे मागचा खांब जास्त सरकला आणि पुढचा कमी, तर गाल दस्त्यावर जिथे टेकेल त्याप्रमाणे दर वेळी वेगळे माप येते. हिची मर्यादा एवढीच की ती डोळा रेषेत आणते, पण खांद्याकडच्या भागाला शिवत नाही. उजव्या दस्त्याचे खालचे टोक उजवीकडे काढलेले असते, कारण उजव्याच्या छातीचा उतार बगलेकडे तसाच जातो. डावखुऱ्याच्या खांद्यावर तेच टोक छातीच्या मध्याकडे रोखलेले राहते, स्नायूत रुतते आणि टोचू नये म्हणून तो नकळत बंदूक कलती करतो. काळानिळा डाग खांद्याच्या खोबणीत न पडता छातीकडे आत पडत असेल तर हेच कारण. त्याला फिरवता येणारी बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी मागची पट्टी, लागते, नाहीतर पॅडच्या खालच्या टोकाची आतली कड घासून गोल करावी.

बाजारात गालाखाली चिकटवायचे फोमचे पॅड मिळतात, तो मोह डावखुऱ्याने टाळावा. उजव्या बंदुकीवर गालाच्या बाजूला काहीही चिकटवले की जाडी वाढते आणि डोळा आणखी उजवीकडे जातो. त्याला भर नको, कोमच्या उजव्या बाजूचे लाकूड कमी व्हायला हवे. कास्ट थोडाच नडत असेल आणि दस्ता साध्या अक्रोडाचा असेल, तर लाकडी ठोकळ्यावर 120 चा सँडपेपर गुंडाळून त्या बाजूचे अर्धा मिलिमीटर उतरवा, फलक मारा, लागले तर पुन्हा अर्धा. शेवटी 240 चा कागद फिरवून तेल द्या, नाहीतर उघडे लाकूड घाम आणि पाणी पिऊन फुगते. दोन मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, काढलेले लाकूड परत येत नाही.

जास्त फरक असेल तर दस्ता वाकवणे आले. ते गनस्मिथचे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे, काम. मानेपाशी गरम जवसाच्या तेलाने किंवा दिव्याच्या उष्णतेने लाकूड तापवून शिकंज्यात हळूहळू वळवतात आणि थंड होईपर्यंत तसेच ठेवतात. शेजारी-शेजारी नळ्यांच्या जुन्या धाटणीच्या दुनळीला हे चांगले मानवते. वर-खाली नळ्यांच्या अनेक बंदुकांत दस्त्याच्या पोटातून लांब बोल्ट गेलेला असतो, त्याचे भोकही वाकते, मग बोल्ट अडकतो. म्हणून तिथे थोडेच वाकवता येते किंवा भोक मोठे करावे लागते. मानेतून लाकडाचे रेघाळे आडवे गेले असतील तर चीर पडण्याचा धोका, हे गनस्मिथने आधी पाहून सांगायला हवे. वाकवलेला दस्ता काही आठवड्यांत थोडा मागे येऊ शकतो, तेव्हा महिन्याने पुन्हा दोरा लावा. प्लास्टिकच्या दस्त्याला यातले काहीच लागू नाही.

पिस्तूल-पकडीवर उजव्या तळव्यासाठी उजवीकडे फुगवटा असतो. डावखुऱ्याच्या हातात तो बोटांच्या बाजूला येतो, बोटे उचलली जातात आणि चापापर्यंतची पोच बिघडते. घासून काढता येतो, फक्त नक्षी जाते.

आता खटके. यात आमचे मत जरा लोकांपेक्षा वेगळे आहे. डावखुऱ्याच्या अडचणी मोजताना सगळे आधी खटक्यांबद्दलच बोलतात, पण त्यातल्या बऱ्याच सवयीच्या आहेत. वरची उघडण्याची लिव्हर उजवीकडे जाते. डाव्या अंगठ्याला ती सुरुवातीला उलटी वाटते, पंधरा दिवसांत वाटेनाशी होते. फक्त बार काढताना अंगठा लिव्हरच्या मागे ठेवावा, तिला टेकवून नव्हे. 'डावखुरी' म्हणून विकली जाणारी वर-खाली नळ्यांची बंदूक पुष्कळदा नुसता दस्ता उलटा बसवलेली असते, लिव्हर तीच, हे घेण्याआधी पाहावे. दोन चापांच्या दुनळीत पुढच्या चापाची उजवी कड उजव्या बोटासाठी गोल केलेली असते, डावखुऱ्याच्या बोटाला दुसरी, धारेची कड लागते. मागच्या चापावर जाताना ती सोलते, ती कड घासून घ्यावी. पंप बंदुकीत सरक, म्हणजे ओढायची पुढची मूठ, सोडण्याचा खटका अनेकदा ट्रिगरगार्डच्या (चापाभोवतीच्या कडीच्या) डाव्या बाजूला असतो, तो डावखुऱ्याच्या तर्जनीखाली आपसूक येतो. हा एक फायदाच. दस्त्याच्या मानेवर वरून सरकणारी सेफ्टी दोन्ही हातांना सारखी, मॉसबर्ग 500 मध्ये ती तशीच आहे. ब्राउनिंग बीपीएसमध्ये ती वर आहेच, शिवाय रिकामे काडतूसही खालून पडते, इथाका 37 मध्येही खालूनच.

सेमी-ऑटोची गोष्ट वेगळी. काडतूस बाहेर पडायची खिडकी उजवीकडे असते आणि डावखुऱ्याचा चेहराही दस्त्याच्या उजवीकडे असतो. रिकामे काडतूस उजवीकडे उडते, चेहऱ्यावर सहसा येत नाही, पण दारूचे कण आणि वायू त्या बाजूने सुटतात आणि काडतूस फाटले तर उघडी बाजू त्याच्याकडेच असते. बाजूनेही झाकणारा चष्मा डावखुऱ्याला सक्तीचाच समजावा. बोल्टची मूठ उजवीकडे असणे मात्र गैरसोयीचे नाही, डावा हात पकडीवर तसाच ठेवून उजव्याने काडतूस घालता येते आणि बोल्टही ओढता येतो. बेनेली, बेरेटा, रेमिंग्टन यांनी काही ऑटो बंदुका खिडकीसकट डावखुऱ्या काढल्या आहेत. त्या घेणाऱ्याने रेंजवर डावीकडच्या शेजाऱ्याचा विचार करावा, आता त्याच्या अंगावर काडतुसे उडणार. काडतूस अडवणारी पट्टी लावावी.

खरी काळजी आडव्या बटणाच्या सेफ्टीची. उजव्या बंदुकीत ते उजवीकडून डावीकडे ढकलले की बंदूक चालू होते. डावखुऱ्याची तर्जनी डाव्या बाजूला असते, ती सहज ढकलते ते बंद करण्याच्या दिशेने. म्हणून तबकडी सुटते, चाप ओढला जातो आणि काहीच होत नाही. चालू करायला तर्जनी गार्डखालून पलीकडे न्यावी लागते आणि त्या घाईत ती चापावरून घसरते, हे धोक्याचे आहे. बटण चापाच्या मागे असेल तर पलीकडे गेलेल्या डाव्या अंगठ्याने ते दाबायची सवय लावता येते. चापाच्या पुढे असेल तर तेही जमत नाही. अनेक आधुनिक ऑटो बंदुकांत हे बटण उलटवता येते, काहींत डावखुऱ्यासाठी वेगळा भाग मिळतो. पिन ढकलून चापाचा संच बाहेर काढल्यावर बटणाखालची बारीक स्प्रिंग आणि तिच्यावरचा दाणा उडून जातो, म्हणून हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करावे. जमत नसेल तर गनस्मिथकडे द्यावे. जोडल्यावर नकली काडतूस घालून दोन्ही स्थितींत चाप ओढून पाहावे, सेफ्टी लावलेली असताना चाप हलता कामा नये.

आणि अशी बटण उलटवलेली बंदूक दुसऱ्याच्या हातात देताना तोंडाने सांगावे, दस्त्यावर चिकटपट्टी लावून लिहावेही. उजव्या नेमबाजाचे बोट वर्षानुवर्षांच्या सवयीने ज्या दिशेला 'बंद' समजून ढकलते, त्या दिशेला ही बंदूक चालू होते.

आपले,
डावखुऱ्या नेमबाजांना शिकवणारे काही जण